मतार्थी, आत्मार्थी आणि नाताळ



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत नाताळचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पर्युषण, महावीर जन्मकल्याणक, अक्षय्य तृतीयेची पारणी हे जैनांचे पर्वदिन. नाताळ ख्रिस्ती बांधवांचा. परंतु डिसेंबर महिना उजाडला की जैन घरातील मूल शाळेतून रंगीत कागदाची चांदणी करून आणते आणि हा सण आपल्याकडे का होत नाही, असे आजीला विचारते. ‘तो आपला नव्हे’ एवढेच उत्तर आजीजवळ असते. हे उत्तर खोटे नाही, पण मुलाचे त्याने समाधान होत नाही आणि खरे पाहता आजीचेही होत नाही. कारण ‘आपला’ कोण आणि ‘परका’ कोण, हे कशावरून ठरवायचे, हा प्रश्न तिच्याही मनात कधीतरी येऊन गेलेला असतो.

या प्रश्नाचे उत्तर एका जैन सत्पुरुषाने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका पत्रातून दिले आहे. ते पत्र ज्या प्रदेशात पोहोचले, त्या प्रदेशाचे नावच नाताळ होते, हा योगायोग मोठा मनोज्ञ आहे.

नाताळ हा शब्द मराठीला पोर्तुगीज भाषेकडून मिळाला. त्या भाषेत त्याचा अर्थ जन्माचा दिवस, म्हणजेच ख्रिस्तजन्माचा सण. गोवा आणि वसई या भागांत पोर्तुगीजांची सत्ता होती. त्यांच्या सणाचे नाव आपल्या बोलीत रुळले आणि पुढे परके वाटेनासे झाले. त्याच पोर्तुगीजांचा दर्यावर्दी वास्को द गामा १४९७ साली आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून पूर्व किनाऱ्याने वर सरकत असता ख्रिस्तजन्माच्या दिवसांत जो किनारा त्याच्या दृष्टीस पडला, त्याला त्याने ‘नाताळ’ असे नाव दिले. सुमारे चारशे वर्षांनी त्याच किनाऱ्यावरील डर्बन शहरात मोहनदास करमचंद गांधी हे तरुण बॅरिस्टर वकिली करू लागले आणि तेथूनच १८९४ साली त्यांनी मुंबईतील एका जवाहिऱ्याला सत्तावीस प्रश्न लिहून पाठविले. ते जवाहीर म्हणजे श्रीमद् राजचंद्र. प्रश्नकर्त्याचे वय पंचवीस. उत्तर देणाऱ्याला सत्ताविसावे वर्षही पूर्ण व्हायचे होते.

हे प्रश्न का पडले, ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. राजकोटच्या गांधींच्या घरी जैन मुनींचा वावर होता. विलायतेला जाण्यापूर्वी मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची जी प्रतिज्ञा तरुण मोहनदासांनी मातेसमोर घेतली, ती देवविणारे बेचरजी स्वामी हे जैन साधूच होते. लंडनमध्ये एका शाकाहारी ख्रिस्ती सद्गृहस्थाच्या आग्रहावरून त्यांनी बायबल वाचले. जुन्या करारातील बराचसा भाग त्यांना कंटाळवाणा वाटला; परंतु नव्या करारातील गिरिप्रवचन थेट अंतःकरणाला भिडले. वाईटाचा सूड वाईटाने घेऊ नये, हा त्यातील उपदेश त्यांना लहानपणी ऐकलेल्या गुजराती छप्प्याच्या जवळचा वाटला. पुढे १८९३ साली दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे ते ज्या खटल्यासाठी गेले, त्यातील वकील बेकर हे निष्ठावान धर्मप्रचारक होते. रोज दुपारी एक वाजता त्यांच्याकडे प्रार्थना भरे. गांधीजी तेथे जात, गुडघे टेकून बसत. त्यांच्यासाठी निराळी प्रार्थनाही केली जाई.

ही सर्व मंडळी सज्जन होती, हे विसरता कामा नये. त्यांच्यापैकी कोट्स नावाच्या क्वेकर तरुणाने गांधीजींच्या गळ्यात तुळशीची कंठी पाहिली आणि ती अंधश्रद्धा वाटून त्याने स्वतः तोडून टाकण्याची तयारी दाखविली. गांधीजींनी नकार दिला. ती कंठी आईने प्रेमाने घातलेली होती. तिचे गूढ सामर्थ्य आपल्याला ठाऊक नाही, ती न घातल्यास काही अनिष्ट होईल असेही वाटत नाही. परंतु विनाकारण ती तोडणार नाही आणि झिजून आपोआप तुटली तर नवीन घालण्याचा हट्टही धरणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. बाह्य चिन्हाकडे कसे पाहावे, याविषयी इतके नेमके उत्तर चोविसाव्या वर्षी सुचणे ही साधी गोष्ट नव्हे.

याहून महत्त्वाचा संवाद प्लिमथ ब्रदरन या पंथाच्या एका अनुयायाशी झाला. मनुष्याने पाप न करणे अशक्य आहे, ख्रिस्ताने सर्वांच्या पापांचे प्रायश्चित्त आधीच भोगले आहे, त्याच्यावर विश्वास ठेवला की पापाचे ओझे उतरते, असे त्या गृहस्थाचे प्रतिपादन. गांधीजींनी विनयाने सांगितले की आपल्याला पापाच्या परिणामांपासून सुटका नको आहे. पापापासून, पापाच्या विचारापासूनच सुटका हवी आहे. कर्मसिद्धांताच्या संस्कारात वाढलेल्या जैन श्रावकाला हे उत्तर आपल्याच घरातले वाटेल. केलेले कर्म दुसऱ्याच्या खात्यावर मांडता येत नाही. निर्जरा ज्याची त्यानेच करावी लागते.

गांधीजींची आणखी एक अडचण जैनांच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. त्या मित्रांच्या मते आत्मा केवळ मनुष्याला. इतर प्राण्यांना तो नाही, मृत्यू म्हणजे त्यांचा पूर्ण अंत. गांधीजींना हे पटेना. ख्रिस्त हा थोर त्यागी, हुतात्मा, जगद्गुरू. परंतु तोच एकटा ईश्वराचा पुत्र आणि त्याच्याशिवाय तरणोपाय नाही, हेही पटेना. त्याच वेळी अस्पृश्यतेसारखा कलंक स्वधर्माच्या अंगावर दिसत असल्याने हिंदू धर्माचे श्रेष्ठत्व तरी कसे मान्य करावे, हा पेच उरलाच. इस्लामी मित्रही आपल्या धर्माच्या अभ्यासाचा आग्रह धरीत होते. अशा अवस्थेत त्यांना आठवण झाली ती रायचंदभाईंची. विलायतेहून परतल्यावर १८९१ च्या जुलैमध्ये डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या घरी त्यांची पहिली भेट झाली होती.

श्रीमद् राजचंद्रांचे उत्तर २० ऑक्टोबर १८९४ चे आहे. आत्मा, ईश्वर, मोक्ष, वेद, गीता, ख्रिस्ती धर्म, बायबल, राम-कृष्ण, येथपासून साप चावायला आला तर काय करावे येथपर्यंत एकेका प्रश्नाला त्यांनी शांतपणे उत्तर दिले आहे. त्यात कोठे गुळमुळीतपणा नाही. जीव सर्वकाळ, मोक्षातसुद्धा, पराधीनच राहतो अशी ख्रिस्ती मताची मांडणी त्यांना यथार्थ वाटत नाही आणि ते तसे स्पष्ट म्हणतात. ख्रिस्ताच्या ईश्वरावताराची गोष्ट श्रद्धेने मानता येईल, प्रमाणाने सिद्ध होत नाही, असेही सांगतात. सापाच्या प्रश्नाला दिलेले उत्तर तर कठोरच आहे: देह अनित्य आहे असे ज्याने खरोखर जाणले, त्याने त्या देहासाठी देहावरच प्रेम असलेल्या जीवाला मारणे कसे योग्य ठरेल? ज्याला हे जमणार नाही त्यालाही मारण्याचा उपदेश कसा करावा?

परंतु या पत्रव्यवहाराची खरी खूण आणखी एका गोष्टीत आहे. श्रीमद् स्वतः वीतराग-मार्गाचे निःशंक उपासक. एक बुद्धिमान, प्रामाणिक तरुण धर्मसंकटात सापडून त्यांच्या दारी आलेला. अशा प्रसंगी ‘जैन हो’ असे सुचविण्याचा मोह कोणाला झाला नसता? श्रीमदांनी त्याला धीर धरण्यास आणि ज्या धर्मात जन्म झाला त्याचाच अधिक खोल अभ्यास करण्यास सांगितले. त्यांनी जी पुस्तके धाडली त्यांत ‘पंचीकरण’ होते, ‘मणिरत्नमाला’ होती, योगवासिष्ठाचे ‘मुमुक्षु प्रकरण’ होते आणि हरिभद्रसूरींचा ‘षड्दर्शनसमुच्चय’ होता. पहिले तीन ग्रंथ वेदांत परंपरेतील! चौथा एका महान जैनाचार्यांचा. पण त्याचाही विषय सर्व दर्शनांचा परिचय हाच. पाठविणाऱ्याने पाटी बदलण्याची घाई केली नाही. घाई केली ती दिवा लावण्याची.

येथे एक गोष्ट ओघात नमूद केली पाहिजे. ‘गांधीजींचे गुरू जैन होते’ असे जैन सभा-समारंभांत पुष्कळदा अभिमानाने सांगितले जाते. गांधीजींनी मात्र आत्मकथेत स्पष्ट लिहिले आहे की, रायचंदभाईंविषयी एवढा आदर असूनही हृदयातील गुरूच्या आसनावर आपण त्यांना बसवू शकलो नाही. ते आसन रिकामेच राहिले. श्रीमदांच्या थोरवीला त्यामुळे बाध येत नाही. उलट, थोर पुरुषांना आपल्या यादीत जमा करण्याची जी सवय समाजाला जडते, तिला मात्र थोडा बाध यावा.

या पत्रानंतर दोन वर्षांनी, १८९६ मध्ये, नडियाद येथे श्रीमदांनी ‘आत्मसिद्धि’ रचली. एकशे बेचाळीस गाथांच्या या छोट्या ग्रंथात त्यांनी मतार्थी आणि आत्मार्थी यांची लक्षणे वेगवेगळी सांगितली आहेत. ज्याचे लक्ष आपल्या मतावर, गच्छावर, कुळपरंपरेवर, वेषावर खिळलेले असते तो मतार्थी. तो व्रते घेईल, तपही करील. पण ते सर्व अभिमान पोसण्याकडे लागेल. ज्याचे लक्ष कषाय मंद होण्यावर, मोक्षाच्या एकमेव अभिलाषेवर आणि प्राणिमात्राच्या दयेवर असते तो आत्मार्थी. हे वर्गीकरण जैन विरुद्ध अजैन असे नाही. मतार्थी उपाश्रयात सापडतो तसा गिरिजाघरातही सापडतो, आत्मार्थीही तसाच. आगमाचा आधार या विचाराला नाही असे कोणी समजू नये. श्वेतांबर आगमांत सिद्धांचे जे पंधरा प्रकार सांगितले आहेत त्यांत ‘अन्यलिंगसिद्ध’ हा एक आहे. म्हणजे अन्य परंपरेच्या वेषात असताना सिद्धपद प्राप्त केलेला जीव. दिगंबर परंपरा बाह्य वेषाविषयी निराळी आणि अधिक कडक भूमिका घेते, हे खरे. तथापि दोन्ही परंपरा ज्या महामंत्राने दिवसाचा आरंभ करतात, त्यात एकाही तीर्थंकराचे नाव नाही, एकाही संप्रदायाचे नाव नाही, आणि त्याच्या पाचव्या पदात वंदन आहे ते लोकातील सर्व साधूंना.

‘आत्मसिद्धि’ रचली गेली त्याच वर्षीच्या डिसेंबरात गांधीजी कुटुंबासह पुन्हा नाताळकडे निघाले होते. ‘कूरलँड’ आणि ‘नादरी’ अशा दोन आगबोटी डर्बनच्या बंदराबाहेर उभ्या होत्या. दोन्ही मिळून सुमारे आठशे उतारू. मुंबईत प्लेग चालू असल्याचे निमित्त करून त्यांना तेवीस दिवस उतरू दिले गेले नाही. किनाऱ्यावर गोऱ्या रहिवाशांच्या सभा होत होत्या. परत फिरा, नाहीतर समुद्रात बुडवू, अशा धमक्या येत होत्या. अशात नाताळचा दिवस उजाडला. कप्तानाने पहिल्या वर्गाच्या उतारूंना मेजवानी दिली. भोजनोत्तर भाषणात गांधीजी पाश्चात्त्य सुधारणेविषयी बोलले. ती मुख्यतः बळावर उभी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. प्रसंग खरे तर हलक्याफुलक्या बोलण्याचा होता, हे त्यांनीही पुढे कबूल केले आहे. कप्तानाने त्यांना बोलण्यात पकडले. किनाऱ्यावरील गोऱ्यांनी धमकी खरी करून दाखविली तर तुमच्या अहिंसेचे काय? गांधीजींनी उत्तर दिले की, त्यांना क्षमा करण्याचे आणि त्यांच्यावर खटला न भरण्याचे धैर्य व बुद्धी ईश्वर आपल्याला देईल, अशी आशा आहे. ऐकणारा हसला. त्या हसण्यात अविश्वास असावा.

पुढे तीन आठवडेही लोटले नाहीत. १३ जानेवारी १८९७ रोजी डर्बनच्या रस्त्यावर जमावाने गांधीजींना गाठले. दगड, विटांचे तुकडे, नासकी अंडी यांचा मारा झाला. पगडी उडविली गेली. लाथाबुक्क्यांनी ते एका घराच्या कठड्याला धरून कसेबसे उभे राहिले. पोलीस अधीक्षकांच्या पत्नी श्रीमती अलेक्झांडर तेथून जात होत्या. त्यांनी आपली छत्री उघडली आणि त्या जमावाच्या व गांधीजींच्या मध्ये उभ्या राहिल्या. मारणारेही ख्रिस्ती, वाचविणारीही ख्रिस्ती! अवघ्या अठरा-एकोणीस दिवसांपूर्वी त्या सर्वांनी एकाच बालकाच्या जन्माचा सण केला होता. जनगणनेच्या कागदावर त्या सर्वांची नोंद एकाच रकान्यात झाली असती. पुढे लंडनहून वसाहत मंत्री चेंबरलेन यांनी हल्लेखोरांवर खटले भरण्यास कळविले, तेव्हा गांधीजींनी ओळखपरेड करण्यास आणि फिर्याद देण्यास नकार दिला. नाताळच्या मेजवानीत दिलेला शब्द असा पाळला गेला. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग एकदा मुळातून वाचावा. आपल्याकडे त्या दिवशी क्षमा बहुधा अशांचीच मागितली जाते, ज्यांच्याशी भांडण कधी झालेलेच नसते.

आता त्या सणाकडे वळावे. येशूच्या जन्माची तिथी शुभवर्तमानांत दिलेली नाही. २५ डिसेंबर हा दिवस पाळला जात असल्याचा जुना उल्लेख रोममधील चौथ्या शतकातील पंचांगवजा ग्रंथात मिळतो. पूर्वेकडील अनेक चर्च आजही जुन्या कालगणनेनुसार ७ जानेवारीला हा सण करतात. इतकेच नव्हे, सतराव्या शतकात इंग्लंडमधील प्युरिटन मंडळींनी या दिवशीचा उत्सवच अशास्त्रीय ठरवून बंद पाडला होता आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ पर्यंत तो साजरा करणाऱ्याला दंड होता. ज्याला आज त्या धर्माचे सर्वांत ठळक चिन्ह मानतात, ते त्याच धर्माच्या निष्ठावंतांनी एकेकाळी पुसू पाहिले होते! लाल पोशाखातील म्हातारा, दिव्यांनी सजविलेले झाड, दुकानांतील सवलती यांचा तर त्या कथेशी सुतराम संबंध नाही. लूकच्या वृत्तांतातील कथा अगदी साधी आहे. शिरगणतीसाठी गावी आलेले एक गरीब जोडपे. उतरायला जागा नाही. बाळ जन्माला येते आणि त्याला गुरांच्या गव्हाणीत निजवितात. पहिली वार्ता मिळते ती रात्री मेंढरे राखणाऱ्या धनगरांना. असिसीच्या संत फ्रान्सिसांनी १२२३ साली ग्रेच्चो गावी गव्हाण, गवत, बैल आणि गाढव यांसह हा देखावा उभा केला, तो हा साधेपणा लोकांच्या डोळ्यांसमोर यावा म्हणून. पशूंनाही जन्मोत्सवात स्थान देणारा हा संत जैन मनाला जवळचा वाटल्यास नवल नाही.

भगवान महावीरांचा जन्म राजकुळातला. कल्पसूत्रातील जन्मवाचनाच्या दिवशी माता त्रिशलेची चौदा स्वप्ने उतरविली जातात. दिगंबर परंपरा सोळा मानते. एका कथेत गव्हाण आहे, दुसरीत राजप्रासाद. परंतु दुसऱ्या कथेतील बालकाने पुढे तो प्रासाद सोडला, आणि तो सोडला म्हणूनच अडीच हजार वर्षांनी त्याचा जन्म वाचला जातो. जन्मवाचनाच्या दिवशी सभागृहात अधिक उत्सुकता कशाची असते, वाचनाची की बोलीच्या आकड्याची, याचा विचार प्रत्येकाने आपल्याशी करावा. बोलीतून देवद्रव्य उभे राहते, जीर्णोद्धार होतात, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या ख्रिस्ती बांधवांच्या सणाला बाजाराने वेढले म्हणून हळहळ व्यक्त करायची, त्यांनी उलट हाच प्रश्न विचारला तर उत्तर तयार हवे.

हाच विषय दुसऱ्या बाजूनेही पाहता येतो. महाराष्ट्रात त्याचे ठळक उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. कोकणातील चित्पावन ब्राह्मण कुळात १८६१ साली जन्मलेल्या या कवीने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या एका दिवसाने घर दुभंगले. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या काळाचे जे वर्णन केले आहे, ते मराठी वाचकाला निराळे सांगायला नको. कित्येक वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, सोवळे-ओवळे त्यांचे त्यांनीच विचारपूर्वक सोडले आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. परंतु टिळकांची कथा येथे संपत नाही. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते म्हणत. अभंग, कीर्तन, भजन यांतून त्यांनी ख्रिस्तभक्ती मराठी केली. पुढे १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी व पगार सोडला, संन्यासवृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापण्याचा संकल्प केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही या दरबारात येशूचे शिष्य म्हणून सारखे स्थान असावे, ही त्यांची कल्पना होती. ज्या पाटीसाठी त्यांनी घरदार पणाला लावले होते, तीच पाटी दाराशी अडसर होते आहे असे दिसताच तिलाही बाजूला सारण्याची त्यांची तयारी झाली. जुन्या समाजाने त्यांना आधीच दूर केले होते. नव्या समाजातील पुष्कळांनाही हे पाऊल रुचले नाही. मे १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दरबार अपुराच राहिला.

श्रीमदांनी पाटी बदलायला लावली नाही, टिळकांनी ती बदलली. तरी दोघांचे लक्ष एकाच ठिकाणी होते.

पाटीला काही अर्थच नाही, असा निष्कर्ष येथून कोणी काढू नये. २०११ च्या जनगणनेत भारतातील जैनांची संख्या सुमारे ४४ लाख ५० हजार नोंदली गेली. त्यांपैकी सर्वाधिक, सुमारे १४ लाख, महाराष्ट्रात. २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने जैनांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. धर्माच्या रकान्यात ‘जैन’ लिहा, असे आवाहन समाजाच्या संस्था करतात ते योग्यच आहे. शिष्यवृत्त्या, शिक्षणसंस्था, हस्तलिखितांचे व मंदिरांचे रक्षण यांसाठी गणती लागते. रकान्याचे काम रकान्याने करावे. अडचण होते ती रकान्याला श्रद्धा समजल्यावर. वाशीम जिल्ह्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथ प्रभूंचे प्राचीन तीर्थ आहे. मूर्तीच्या पूजापद्धतीवरून दोन जैन संप्रदायांत वाद झाला, तो न्यायालयात गेला, आणि १९८१ पासून सुमारे बेचाळीस वर्षे त्या मंदिराला कुलूप होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ साली ते उघडले. या मधल्या काळात एक अख्खी पिढी जन्मून मोठी झाली. कुलूप परधर्मीयांनी लावले नव्हते. कायदेशीर बाजू कोणाची बरोबर होती, हा येथील विषय नाही. पण कमठाचा उपसर्ग समभावाने साहणाऱ्या प्रभूंच्या नावाने हे व्हावे, याचे दुःख दोन्ही बाजूंच्या श्रावकांना व्हायला हवे.

अनेकांताचे नाव घेऊन पुष्कळदा असे सांगितले जाते की सर्व धर्म सारखेच. अनेकांत असे म्हणत नाही. श्रीमदांच्या पत्रात मतभेद लपविलेले नाहीत, हे वर आलेच आहे. सृष्टिकर्ता ईश्वर, ख्रिस्ताचे प्रायश्चित्त, कृपेने मिळणारा उद्धार या गोष्टी जैन दर्शनाला मान्य नाहीत आणि सौजन्यापोटी तसे भासविण्याची गरज नाही. दुसऱ्याच्या जागी उभे राहून त्याला तेथून काय दिसते ते पाहणे, एवढी शिस्त अनेकांत शिकवितो. १९२६ साली ‘यंग इंडिया’त गांधीजींनी लिहिले होते की, हा सिद्धांत आपल्याला अत्यंत प्रिय आहे, मुसलमानाला त्याच्या दृष्टीने आणि ख्रिस्ती माणसाला त्याच्या दृष्टीने पारखण्यास त्यानेच आपल्याला शिकविले. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून त्यांनी आश्रमवासीयांना जी साप्ताहिक पत्रे लिहिली, त्यांत या विषयावरही पत्र आहे. ‘सहिष्णुता’ हा शब्द त्यांना आवडेना, कारण सहन करणाऱ्याच्या मनात आपला धर्म वरचा असल्याची भावना राहून जाते. तुरुंगात सोबतीला असलेल्या काका कालेलकरांनाही तो रुचला नव्हता. शेवटी शब्द ठरला ‘समभाव’. सामायिकात बसणाऱ्याला हा शब्द शिकवावा लागत नाही.

पुढे आणखी एक नाताळ गांधीजींना बोटीवरच आला. गोलमेज परिषदेहून रिकाम्या हाती परतताना ते स्वित्झर्लंडमध्ये रोमां रोलांकडे राहिले, मग रोमला गेले. तेथे व्हॅटिकनमध्ये वधस्तंभावरील ख्रिस्ताची एक मूर्ती पाहून त्यांचे डोळे पाणावले. १४ डिसेंबर १९३१ रोजी ब्रिंडिसी येथून ‘पिल्स्ना’ ही बोट निघाली आणि नाताळ समुद्रावरच आला. त्या दिवशी प्रार्थनेनंतर ते नाताळविषयी थोडा वेळ बोलले. शुभवर्तमानातील देवदूतांच्या गीतात पृथ्वीवरील शांतीची ग्वाही आहे. पण ती शांती आज कोठे दिसते, असा त्यांचा प्रश्न होता. जोवर ती व्यक्तीच्या आणि समाजाच्या जीवनात उतरत नाही, तोवर ख्रिस्त अद्याप जन्मलेला नाही असेच म्हणावे लागेल. ज्या दिवशी ती उतरेल, त्या दिवशी वर्षातील एक ठरावीक तारीख लागणार नाही. तो जन्म कोणाच्याही आयुष्यात, केव्हाही पुन्हा घडू शकेल. आणि ख्रिस्ताचा जन्म म्हटला की वधस्तंभही आलाच. एकाला दुसऱ्यापासून वेगळे करता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. ऐकणाऱ्यांत ख्रिस्ती होते आणि बोलणारा बाप्तिस्मा न घेतलेला वैष्णव. त्याला पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या दुसऱ्या बोटीवरील मेजवानी आठवली की नाही, याचा उल्लेख नाही.

जैन श्रोत्याला येथे अवघड वाटण्यासारखे काही नाही. कल्याणक म्हणजे घडून गेलेल्या घटनेची तिथी, हे खरे. पण जन्मकल्याणकाच्या दिवशी श्रावक जी भावना भावतो, ती आपल्या आत्म्यात सम्यग्दर्शनाचा उदय व्हावा हीच असते. नातवाने विचारले तर आजीने चांदणी खिडकीत लावू द्यावी आणि ती कोणाच्या जन्माची आहे, त्याला कोठे निजविले होते, त्याने पुढे काय सोसले, हे सांगावे. मग त्रिशलामातेच्या बाळाचीही गोष्ट सांगावी. दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे मूल आपोआप ओळखते.

‘पिल्स्ना’ २८ डिसेंबरला मुंबईला लागली. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे गांधीजींना अटक होऊन येरवड्याला नेण्यात आले. त्या मुक्कामात कुष्ठरोग जडलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री यांच्याशी त्यांचा संबंध आला. पुढे वर्ध्याजवळ सेवाग्रामची वस्ती उभी राहिली. १९४२ च्या उन्हाळ्यात अमेरिकन पत्रकार लुई फिशर तेथे आठवडाभर राहिले. गांधीजींच्या कुटीच्या मातीच्या भिंतीवर त्यांना एकच चित्र दिसले, येशू ख्रिस्ताचे. परचुरेशास्त्री १९३९ साली सेवाग्रामला आले, तेव्हा सर्वांनी त्यांना दूर ठेवले होते. गांधीजींनी त्यांच्यासाठी आपल्या कुटीजवळच झोपडी बांधविली आणि सवड काढून ते स्वतः त्यांच्या जखमा धूत, अंगाला तेल चोळीत. ती झोपडी सेवाग्रामला आजही दाखवितात.